निकालाच्या दिवशी ब्रोकरचे ॲप बंद पडले, त्यानंतरची तक्रार

लोकसभा निवडणुकीची मतमोजणी सुरू असताना, ४ जून २०२४ रोजी सकाळी, माझ्या ब्रोकरचे ॲप तासाभराहून अधिक काळ चालत नव्हते आणि त्या अवधीत मला विकायचे असलेले शेअर विकता आले नाहीत. त्या नुकसानीबद्दल मी केलेली तक्रार सप्टेंबरमध्ये तडजोडीने मिटली. कोणाकडे जायचे, कोणत्या क्रमाने जायचे आणि जवळ काय असायला हवे, ही माहिती मला तुकड्यातुकड्यांनी आणि बरीचशी उशिरा मिळाली. म्हणून सगळे घडले त्या क्रमाने लिहीत आहे. ब्रोकरचे नाव लिहिलेले नाही, कारण प्रकरण तडजोडीने मिटले आहे आणि त्या सकाळी अशी अडचण एकाच ब्रोकरच्या ग्राहकांना आलेली नव्हती.

शनिवारी, १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले आणि सोमवारी बाजार उसळला. सेन्सेक्स एका दिवसात अडीच हजारांहून अधिक अंकांनी चढला, निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. माझ्याकडे एका सरकारी कंपनीचे ४०० शेअर होते. धाकट्या भावाने भाड्याने घेतलेल्या घराचे डिपॉझिट जूनअखेर भरायचे होते आणि त्यासाठी हे शेअर विकायचे हे घरात ठरलेलेच होते. प्रश्न होता तो फक्त दिवसाचा. मतमोजणीचे कल एक्झिट पोलपेक्षा वेगळे दिसू लागले तर मंगळवारी बाजार उघडल्याबरोबर विकायचे, असे मी सोमवारी रात्री ठरवले. डीडीपीआय, म्हणजे विकलेले शेअर डिमॅट खात्यातून काढण्याची ब्रोकरला दिलेली कायमची परवानगी, आधीच दिलेले असल्यामुळे विक्रीच्या वेळी टीपिन (मंजुरीचा सांकेतिक क्रमांक) टाकण्याचा प्रश्न नव्हता.

मंगळवारी फोर्टमधल्या ऑफिसला उशिरा येईन असे कळवून मी मुलुंडला घरीच थांबले. सव्वानऊला बाजार उघडला, लॉगिन झाले. ९ वाजून २४ मिनिटांनी मी सर्व ४०० शेअर बाजारभावाने विकण्याची ऑर्डर टाकली. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले आणि मग ‘काहीतरी चूक झाली, पुन्हा प्रयत्न करा’ एवढीच ओळ उमटली. ऑर्डर बुक उघडले तर ते कोरे. होल्डिंगच्या पानावर शेअरची संख्या शून्य दिसत होती आणि खाली बाजारभाव मात्र सेकंदासेकंदाला उतरत होता. त्यानंतर ॲपने मला बाहेर काढले. पुन्हा लॉगिन करायला गेले की ओटीपी इतका उशिरा येई की तोवर त्याची मुदत संपलेली असे.

त्या वेळी केलेल्या दोन गोष्टींचा पुढे फार उपयोग झाला. पहिली म्हणजे, मोबाइलवरचे घड्याळ दिसेल अशा बेताने प्रत्येक चुकीच्या संदेशाचा स्क्रीनशॉट काढला आणि लगेच त्याच फोनवर, त्याच वायफायवर एक्स्चेंजचे, म्हणजे शेअर बाजाराचे, संकेतस्थळ उघडून त्याचाही स्क्रीनशॉट काढला. माझे इंटरनेट चालू होते आणि एक्स्चेंजही चालू होते, हे त्यातून एकाच वेळी दिसत होते. दुसरी गोष्ट म्हणजे फोन. ब्रोकरच्या कॉल अँड ट्रेडच्या (फोनवरून ऑर्डर देण्याच्या) क्रमांकावर बराच वेळ नुसते संगीत ऐकल्यावर एक तरुण कर्मचारी लाइनवर आला. मी ग्राहक क्रमांक, शेअरचे नाव, संख्या आणि ‘बाजारभावाने विका’ ही सूचना स्पष्टपणे सांगितली. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, “मॅडम, आमच्याही टर्मिनलवरून ऑर्डर जात नाहीये. तुम्ही ॲपवरच प्रयत्न करत राहा.” तेव्हा हे ऐकून मला रडू आले होते. पण हे संभाषण रेकॉर्ड होत होते, आणि पुढे हेच वाक्य माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरले.

अखेर १० वाजून ५१ मिनिटांनी ऑर्डर गेली आणि सगळे शेअर विकले गेले. ९.२४ चा भाव आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव यांत प्रत्येक शेअरमागे ४३ रुपये ५० पैशांचा फरक पडला होता; ४०० शेअरचे १७,४०० रुपये होतात. बाजार त्यानंतरही कोसळत राहिला. दिवसअखेर सेन्सेक्स ४,३८९.७३ अंकांनी खाली येऊन ७२,०७९.०५ वर आणि निफ्टी ५.९३ टक्के घसरून २१,८८४.५० वर बंद झाला. सरकारी कंपन्यांच्या शेअरना त्यात सर्वाधिक फटका बसला. दुपारपर्यंत ज्यांना विकताच आले नाही त्यांच्या मानाने माझे नुकसान लहान होते, पण ते माझ्या निर्णयामुळे झालेले नव्हते, आणि हीच गोष्ट मला स्वस्थ बसू देत नव्हती.

दुपारी ऑफिसात पोहोचले तेव्हा सगळीकडे हाच विषय चालला होता. अनेकांनी समाजमाध्यमांवर ब्रोकरला टॅग करून संताप व्यक्त केला होता आणि मीही तेच करायला निघाले होते. आमच्याकडे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना सगळे नाना म्हणतात. १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराचा व्यवहार रिंगणातून बोल्ट या संगणकीय प्रणालीवर गेला, त्याच्या आधी ते दलाल स्ट्रीटवर एका पेढीत कारकून होते. ते म्हणाले, “अगं, ते लिही हवं तर, पण आधी वेळ घालून सगळं एका कागदावर उतरव. उद्या तुला आठवणार नाही आणि त्यांना आठवायचं नसेल.” त्याच संध्याकाळी मी एक तक्ता केला: वेळ, मी काय केले, पडद्यावर काय आले, पुरावा कोणता. रात्री काँट्रॅक्ट नोट (दिवसाच्या सौद्यांचे ब्रोकरचे पत्रक) आली, तीही त्याच फाइलमध्ये ठेवली. ऑर्डर बुक आणि फोनवरील कॉलची यादीसुद्धा लगेच जतन करावी. अनेक ॲपांमध्ये त्या दिवसाचे ऑर्डर बुक दुसऱ्या दिवशी त्याच स्वरूपात दिसत नाही.

५ जूनला मी ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार केली आणि तिचा तिकीट क्रमांक घेतला. याच ईमेलमध्ये ४ जूनच्या माझ्या कॉलचे रेकॉर्डिंग आणि माझ्या खात्याचे सर्व्हर लॉग (सर्व्हरवरच्या नोंदी) नष्ट न करता जपून ठेवावेत, अशी स्पष्ट मागणी केली. अशी मागणी करण्यासाठी वकील लागत नाही, साध्या भाषेतले एक वाक्य पुरते. काही दिवसांनी उत्तर आले. ‘अभूतपूर्व उलाढालीमुळे काही ग्राहकांना तात्पुरता संथपणा जाणवला, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे त्यात म्हटले होते आणि खाते उघडताना मी स्वीकारलेल्या हक्क व कर्तव्यांच्या दस्तऐवजातील कलमाचा आधार देऊन भरपाई नाकारली होती.

या कलमाबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेक ग्राहक इथेच हात टेकतात. इंटरनेटवरील व्यवहारांत अनेक अनिश्चित घटक असतात, सेवा अखंड मिळेलच याची हमी ब्रोकर किंवा एक्स्चेंज देत नाहीत आणि यंत्रणा बंद पडल्यास ग्राहकाला दावा करता येणार नाही, अशा आशयाची ही तरतूद सर्व ब्रोकरांच्या दस्तऐवजात असते. मात्र ती शेवटपर्यंत वाचली तर तिला एक अट जोडलेली दिसते: बिघाड ब्रोकरच्या किंवा एक्स्चेंजच्या नियंत्रणाबाहेरील कारणाने झालेला असला पाहिजे. मला पाठवलेल्या उत्तरात ब्रोकरने अर्धेच कलम उद्धृत केले होते.

माझी सगळी तक्रार मग मी या अटीवर उभी केली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी दूरसंचार जोडण्यांतील बिघाडामुळे राष्ट्रीय शेअर बाजाराचेच कामकाज ११.४० ला थांबले आणि पावणेचार वाजता सुरू होऊन पाचपर्यंत चालवावे लागले. तशा दिवशी ब्रोकरला जबाबदार धरणे अन्यायाचे झाले असते. ४ जूनला एक्स्चेंज सुरळीत चालू होते, इतर ब्रोकरांकडून सौदे होत होते. शिवाय मतमोजणीची तारीख निवडणूक आयोगाने १६ मार्चलाच जाहीर केली होती. त्या सकाळी लाखो ग्राहक एकाच वेळी लॉगिन करणार हे अडीच महिने आधी ठाऊक असताना ‘भार वाढला’ हे नियंत्रणाबाहेरील कारण कसे होऊ शकते? मुंबईत जूनमध्ये पाऊस पडणार हे माहीत असूनही पंप न बसवणाऱ्या सोसायटीला तळमजल्यात पाणी शिरल्यावर पावसाकडे बोट दाखवता येत नाही.

याच सुमारास सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे, २५ नोव्हेंबर २०२२ चे परिपत्रक मी वाचून काढले. ब्रोकरांच्या संगणकीय प्रणालीतील तांत्रिक बिघाडांविषयीचे हे परिपत्रक १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. सलग पाच मिनिटे किंवा अधिक काळ सेवा थांबली, मंदावली किंवा नेहमीपेक्षा वेगळी वागली, तर तो त्यानुसार तांत्रिक बिघाड ठरतो. म्हणजे ‘संथपणा’ हा शब्द वापरून सुटका होत नाही. बिघाड झाल्यापासून तासाभरात एक्स्चेंजला कळवायचे, दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत प्राथमिक अहवाल द्यायचा आणि १४ दिवसांत मूळ कारणाचा अहवाल सादर करायचा, असे ब्रोकरवर बंधन होते. मोठी ग्राहकसंख्या असलेल्या ब्रोकरांनी आजवरच्या सर्वोच्च भाराच्या किमान दीडपट क्षमता राखावी, असेही या चौकटीखालच्या सूचनांत आहे. सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे, असे नोंदवलेले बिघाड आणि त्यांची कारणे एक्स्चेंजने आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करायची असतात. ती यादी मी शोधली. माझ्या ब्रोकरने ४ जूनचा बिघाड तिथे स्वतःच नोंदवलेला होता, कालावधी तासाभराहून अधिक आणि कारण लॉगिन यंत्रणेवरील ताण. मला मात्र ते संथपणा म्हणत होते.

जूनच्या मध्यावर मी ब्रोकरच्या कॉम्प्लायन्स ऑफिसरला (नियमपालन अधिकाऱ्याला) पत्र पाठवले. त्यांचा ईमेल पत्ता ब्रोकरच्या संकेतस्थळावर आणि काँट्रॅक्ट नोटवरही असतो. उत्तर आले नाही. वांद्रे-कुर्ला संकुलातील सेबी भवनात प्रत्यक्ष जाऊन तक्रार द्यावी असा विचार मनात होता. त्याआधी सेबीच्या निःशुल्क क्रमांकावर, १८०० २२ ७५७५ वर, फोन केला. तिथे मराठीतून बोलता येते. तक्रार स्कोर्स या ऑनलाइन प्रणालीवरच करावी लागेल असे त्यांनी शांतपणे समजावून सांगितले आणि माझी खेप वाचली.

स्कोर्सची नवी आवृत्ती १ एप्रिल २०२४ पासून सुरू झालेली आहे. पॅन क्रमांकाने एकदा नोंदणी करावी लागते, केवायसीची माहिती आपोआप भरली जाते. तक्रार घटनेपासून एका वर्षाच्या आत करावी लागते आणि आधी ब्रोकरकडे दाद मागितलेली असणे आवश्यक असते. २७ जूनला मी तक्रार दाखल केली. शुल्क काही नाही. तपशील लिहिताना मी संतापाची विशेषणे काढून टाकली आणि तीनच गोष्टी ठेवल्या: ९.२४ ला काय केले, १०.५१ ला काय झाले, फरकाची रक्कम किती. स्क्रीनशॉट सुटे न जोडता वेळेच्या क्रमाने एका पीडीएफमध्ये घालून पानांना क्रमांक दिले, म्हणजे मजकुरात ‘पान ३ पाहावे’ असे लिहिता आले.

दाव्याच्या रकमेविषयी माझे मत ठाम आहे. दिवसाच्या सर्वोच्च भावाने विकले असते तर, किंवा त्या पैशांतून खाली दुसरे शेअर घेतले असते तर, अशा कल्पित नफ्याची मागणी करू नये. प्रयत्न केल्याचा पुरावा आहे त्या क्षणाचा भाव आणि प्रत्यक्ष सौद्याचा भाव यांतला फरक एवढाच दावा टिकतो. माझ्या ओळखीतल्या एकाने लाखोंचा दावा केला होता, पण त्याने त्या सकाळी ऑर्डर टाकण्याचा प्रयत्न केल्याची एकही खूण नव्हती. त्याची तक्रार पुढे सरकलीच नाही.

ब्रोकरला उत्तर देण्यासाठी २१ दिवस असतात. तो काळ फार कंटाळवाणा गेला, रोज संध्याकाळी लोकलमध्ये बसल्या बसल्या स्थिती तपासायची आणि ‘प्रलंबित’ वाचून फोन पर्समध्ये ठेवायचा. मुदतीच्या अखेरच्या दिवशी, १८ जुलैला, उत्तर आले. मजकूर जूनमधलाच होता. उत्तर असमाधानकारक वाटल्यास १५ दिवसांत फेरविचार मागता येतो; तो मी २२ जुलैला मागितला आणि प्रकरण एक्स्चेंजकडे गेले. तिथे ब्रोकरला पुन्हा विचारणा झाली. या वेळी बिघाड मान्य करण्यात आला, भरपाई मात्र नाकारलेलीच राहिली. हा टप्पा वाया गेला असे तेव्हा वाटले होते, पण ब्रोकरची लेखी कबुली मिळाली ती इथेच.

यापुढे दोन वाटा होत्या: सेबीकडे दुसरा फेरविचार, किंवा स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन तंटा निवारण मंचावर सलोख्याची प्रक्रिया. सेबी नियमभंगाबद्दल ब्रोकरकडून जाब मागू शकते, पण दोन पक्षांमधल्या पैशांच्या वादाचा निवाडा हवा असेल तर ओडीआर हीच वाट योग्य, असे मला चौकशीअंती कळले. ओडीआर निवडले की स्कोर्सवरची तक्रार निकाली निघाल्याचे मानले जाते, हे मात्र आधी लक्षात घ्यावे. ९ ऑगस्टला मी तिथे नोंदणी केली. ग्राहकाकडून नोंदणीचे शुल्क घेत नाहीत आणि सलोख्याच्या फेरीचा खर्चही ब्रोकरला उचलावा लागतो. काही दिवसांत एका संस्थेमार्फत कन्सिलिएटर, म्हणजे सलोखा घडवून आणणारे मध्यस्थ, नेमले गेले. नेमणुकीपासून २१ दिवसांत त्यांनी प्रक्रिया पूर्ण करायची असते.

पहिली बैठक २२ ऑगस्टला व्हिडिओवर झाली. मी ऑफिसातून अर्धी रजा घेतली होती आणि हात अक्षरशः गार पडले होते, कारण समोर ब्रोकरचे कायदा विभागातले दोघे बसलेले दिसत होते. कन्सिलिएटर निवृत्त बँक अधिकारी होते. त्यांनी भाषणे होऊ दिली नाहीत. “ताई, तुमची विनंती त्यांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचली होती का, एवढंच आधी पाहू,” असे म्हणून त्यांनी ब्रोकरकडे माझ्या खात्याचे लॉग आणि कॉलचे रेकॉर्डिंग मागितले. जूनच्या ईमेलमध्ये ते जपून ठेवायला सांगितलेले असल्यामुळे ‘उपलब्ध नाही’ असे म्हणण्याची सोय त्यांना राहिली नव्हती.

गणपतीच्या तोंडावर, ३ सप्टेंबरला, दुसरी बैठक झाली. लॉगमध्ये ९.२४ ची माझी विनंती होती. ती ब्रोकरच्या सर्व्हरवर आली होती, पण जोखीम तपासणीच्या टप्प्यावर अडकून पडली आणि एक्स्चेंजला गेलीच नाही. रेकॉर्डिंगमधले त्या कर्मचाऱ्याचे वाक्य सर्वांनी ऐकले. त्यावर ब्रोकरने दोन हजार रुपये दलालीच्या सवलतीच्या रूपाने देऊ केले; म्हणजे ते मिळवण्यासाठी त्यांच्याकडेच आणखी सौदे करायचे. मी नाही म्हटले. मग त्यांनी असा मुद्दा मांडला की घसरत्या बाजारात ४०० शेअर एका भावाला गेले नसते, त्या मिनिटभरातही भाव बराच खालीवर झाला होता. हा मुद्दा मला रास्त वाटला आणि मी तसे बोललेही. शेवटी १३,००० रुपये रोख भरपाईवर सहमती झाली. सहमती झाली नसती तर पुढची पायरी लवादाची होती. तिथे ग्राहकालाही शुल्क भरावे लागते, आणि दावा एक लाखाखालचा असेल तर तो कागदपत्रांवरूनच ठरतो. १३,००० आणि १७,४०० यांतल्या फरकासाठी आणखी काही महिने घालवण्याची माझी तयारी नव्हती. ज्याची रक्कम मोठी आहे त्याने मात्र लवादाचा पर्याय लगेच सोडून देऊ नये.

५ सप्टेंबरला करारावर ऑनलाइन सह्या झाल्या. सही करण्याआधी दोन ओळी नीट वाचाव्यात: रक्कम बँक खात्यात येणार की ट्रेडिंग खात्यात, आणि किती दिवसांत. माझ्या मसुद्यात ट्रेडिंग खाते लिहिलेले होते, ते बदलून घेतले. विसर्जनानंतरच्या आठवड्यात पैसे बँकेत जमा झाले. भावाचे डिपॉझिट तोवर आईच्या मुदत ठेवीतून भरून झाले होते.

आता मी दुसऱ्या एका ब्रोकरकडेही खाते उघडून ठेवले आहे. मात्र पहिल्या डिमॅटमधले शेअर दुसऱ्या ॲपवरून त्या क्षणी विकता येत नाहीत, त्यामुळे होल्डिंग दोन ठिकाणी विभागून ठेवले तरच या खात्याचा उपयोग होतो. महत्त्वाच्या दिवशी बाजार उघडताच मी स्टॉपलॉस ऑर्डर, म्हणजे भाव ठरावीक पातळीपर्यंत उतरला की विक्री करणारी ऑर्डर, टाकते. ही ऑर्डर एक्स्चेंजच्या यंत्रणेत जाऊन बसते, त्यामुळे नंतर ॲप बंद पडले तरी ती जिवंत राहते. जीटीटी ऑर्डरचे तसे नसते. ती ठरलेला भाव येईपर्यंत ब्रोकरच्याच सर्व्हरवर असते आणि सर्व्हर बंद असेल तर तीही अडकते. आणि स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टाकावी लागते.